ओल्या मक्याची चक्की

आमच्या कारखान्यात नवी चक्की तयार झाली की आधी तिचं पीठ खायचं आणि मगच तिला रंग द्यायचा, अशी रीत आहे. चक्की म्हणजे आपली पिठाची गिरणी. लखनौत राहून राहून माझ्याही तोंडात आता चक्कीच बसलंय. जोडणी झाली, पट्टा चढला, की आमचे हेडमिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते तिच्यात गहू ओततात. पहिल्या दळणात दगडाची कचकच असते, म्हणून ते गुरांना. दुसरं दळण अंगणातल्या चुलीकडे जातं. तिथे रोट्या भाजल्या जातात आणि मालकापासून झाडू मारणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्या उभ्या उभ्या खातात. रोटी टम्म फुगली आणि दाताखाली काही आलं नाही, की उस्ताद मान हलवतात. मग रंग.

माझा नवरा हे पहिल्यांदा ऐकून हसला होता. तो हवाई दलात तंत्रज्ञ होता, त्याला प्रत्येक गोष्टीचं मॅन्युअल लागतं. "म्हणजे तुमचं क्वालिटी कंट्रोल म्हणजे जेवण," तो म्हणाला. मी म्हटलं, "अहो, तुमची विमानं खाऊन बघता आली असती तर तुम्हीही खाल्ली असती."

देशभर बदल्या झाल्यावर त्याची शेवटची बदली लखनौला झाली, आणि निवृत्तीनंतर सोलापूरला परतायचं सोडून या माणसानं निशातगंजात घर घेतलं. कारण काय, तर इथली थंडी आवडली. मी बरेच दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. मग घरात बसून त्याच्या टापटिपीच्या सूचना ऐकण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, म्हणून चिनहटच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार बघायला रुजू झाले. पत्रव्यवहार फारसा नव्हताच. हळूहळू फोन, बिलं, चहा वेळेवर येतो का, कामगार डोळ्यांवर गॉगल लावतात का, हे सगळं माझ्याकडे आलं. लोकांना सांगत सुटायची मला हौस आहे, हे मी नाकबूल करत नाही.

मालक माझ्यापेक्षा थोडे मोठे. मी त्यांना भाईसाहब म्हणते, ते मला बहनजी. कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. माणूस देवमाणूस, पण एक खोड आहे: त्यांना नाही म्हणता येत नाही. "देखते हैं," "हो जाएगा," "आप फ़िक्र न करें," एवढ्यावर त्यांचं आयुष्य चाललं होतं. नको असलेला पत्रा विकायला कुणी आला तरी तो चहा पिऊन, बिस्किटं खाऊन, पत्रा विकूनच जायचा. सोलापूरच्या माणसाला हे बघवत नाही. आमच्याकडे नाही म्हणजे नाही, आणि तेही दारातच.

मी आले तेव्हा अंगणातली चूल दर दोन-चार दिवसांनी पेटायची. मग तिचं पेटणं कमी होत गेलं. आमच्या चक्क्या घेणारे कोण, तर गल्लीबोळातले चक्कीवाले. त्यांच्याकडे दळण टाकणाऱ्या बायका एकेक करून पिशवीबंद आट्याकडे वळल्या. ज्यांना घरी दळायचं होतं त्यांच्यासाठी परदेशातून छोट्या, गुळगुळीत, खेळण्यासारख्या चक्क्या आल्या, आणि त्या मोबाइलवरून मागवता येऊ लागल्या. आमच्या निशातगंजातला चक्कीवाला एका दिवाळीनंतर त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला बसला. मी त्याच्याकडून एक कव्हर घेतलं. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून नेहमीपेक्षा जास्त घासाघीस केली.

त्यात माझ्याच मुलीनं बंगळूरहून वाढदिवसाला मला तसली एक चक्की पाठवली. फोनवर म्हणते, "मम्मी, ट्राई तो करो, बहुत क्यूट है." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमच्या घरचं ठरलेलं आहे. खोक्यावर चीनचा शिक्का. नवऱ्यानं ती स्क्रू काढून पूर्ण उघडली, चष्मा लावून बघितली आणि म्हणाला, "चांगली बनवली आहे गं." त्या संध्याकाळी त्याचा चहा त्यानं स्वतःच केला.

तो बरोबर बोलत होता, म्हणून तर माझं डोकं फिरलं. ती चक्की खरंच वाईट नव्हती. आणि आमच्या चक्कीतले बेअरिंग तरी कुठले होते? तिथलेच. कारखान्यात कुणी चीनला शिव्या घालायला लागलं की उस्ताद शांतपणे त्याला बेअरिंगचा डबा दाखवायचे.

आजूबाजूच्या शेड एकामागून एक बंद झाल्या. पंख्याचे भाग करणारा गेला, रबराचे वॉशर करणारा गेला. त्यांच्या जागी गोदामं आली, ज्यात जगभरातला माल खोक्यांत भरून येतो आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या दारात जातो. त्या गोदामांसाठी जागा शोधणारा एक माणूस आमच्याकडेही यायला लागला. नीटनेटका, गोड बोलणारा, कमरेला मोजपट्टी. तो यायचा, शेडची लांबी-रुंदी मोजायचा, चहा प्यायचा. भाईसाहब म्हणायचे, "देखते हैं." तो पुन्हा यायचा, पुन्हा मोजायचा. जणू मधल्या काळात शेड वाढली असेल.

एका दिवाळीच्या आधी भाईसाहबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की आता देखते हैं म्हणून भागणार नाही. या हिवाळ्यात काही झालं नाही, तर शेड गोदामाला द्यायची. उस्तादांना आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. "आप ही कुछ सोचिए, बहनजी." मी मान डोलावली आणि बाहेर आले. उस्ताद अंगणात गार चुलीशेजारी बसून दगडाला टाकी लावत होते, छिन्नीनं एकेक खाच पाडत. त्या दगडाला गिऱ्हाईक नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते दाबलं नाही.

माझ्या हातात एवढंच होतं, की निर्यातदारांच्या एका वेबसाइटवर आमच्या चक्कीचे फोटो टाकायचे. ते मी टाकले. नवऱ्यानं फोटो काढले; प्रत्येक फोटोत माप कळावं म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवली, ती काढ म्हटलं तरी ऐकेना. कुणी बघेल असं मला वाटत नव्हतं. महिन्याभरानं आफ्रिकेतून, मलावी नावाच्या देशातून, एका बाईचं ईमेल आलं. तिच्या गावोगावी मक्याच्या गिरण्या होत्या. तिनं लिहिलं होतं, तुमचाच एक फोटो असा आहे ज्यात मशीन केवढं आहे ते समजतं. नवऱ्याला मी हे वाक्य वाचून दाखवलं नाही. त्यानं ते स्वतः वाचलं, आणि अजून अधूनमधून म्हणून दाखवतो.

ती दिल्लीला एका प्रदर्शनासाठी येणार होती, तिथून एक दिवस आमच्याकडे. भाईसाहब म्हणाले, "ये आख़िरी मेहमान हैं, बहनजी. इनसे बात बन गई तो ठीक, वरना चाबी दे देंगे." हे त्यांनी उस्तादांसमोर सांगितलं. उस्तादांनी सगळ्यात चांगला दगड निवडून बाजूला ठेवला.

आता रीत म्हटली, की पाहुणीलाही नव्या चक्कीचं पीठ खाऊ घालायचं. तिच्यासाठी मका दळायचा ठरला. मालकीणबाई, म्हणजे आमच्या भाभीजी, म्हणाल्या, "मेहमान को बिना धुला अनाज खिलाएँगे?" मला त्यांचं एकदम पटलं. आमच्याकडेही पाहुण्यांसाठीचं धान्य धुऊन, वाळवून मगच दळतात. आम्ही दोघींनी मिळून मका धुतला आणि त्यांच्या गच्चीवर चादरीवर पसरला. सोलापुरात तो दुपारपर्यंत खडखडीत झाला असता. पण इथे जानेवारी, आणि त्या आठवड्यात धुक्यामुळे सूर्यानं तोंडच दाखवलं नाही. मका वरून कोरडा लागत होता. आम्ही दोघींनी मुठीत घेऊन बघितला आणि झाला म्हणून पोत्यात भरला.

पाहुणीला आणायला आम्ही नवरा-बायको अमौसीच्या विमानतळावर गेलो. धुक्यामुळे विमान उशिरा आलं. बाई माझ्याच वयाची, धिप्पाड, फुलाफुलांच्या कापडात, आणि थंडीनं कुडकुडत. मी माझी शाल तिच्या अंगावर टाकली. तिनं ती परत दिली नाही, आणि त्यामुळे का कोण जाणे, मला ती आवडली.

कारखान्यात सगळे धुतलेल्या कपड्यांत उभे होते. उस्तादांनी चक्की सुरू केली, मका ओतला. थोडं पीठ आलं. मग चक्कीचा आवाज जड झाला, पट्टा घसरायला लागला, करपल्यासारखा वास आला आणि चक्की बंद पडली. उस्तादांनी वरचा दगड उचलला. दोन्ही दगडांवर लापशीसारखा लगदा थापला होता, खाचा पार बुजून गेल्या होत्या. भाभीजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. धुकं आम्हा दोघींना एकदमच आठवलं.

"अभी हो जाएगा," भाईसाहब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पाहुणी वाकली, बोटावर लगदा घेतला, चोळला. "हा ओला होता का?" तिनं मला इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं, हो, तुमच्यासाठी म्हणून आम्ही धुतला, पण वाळला नाही. एवढं बोलून मला वाटलं, संपलं. ती मात्र एका पोत्यावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग डोळे पुसत तिनं सांगितलं, की त्यांच्याकडे बायका मका मुद्दाम भिजवतात. साल काढून तीन-तीन दिवस पाण्यात ठेवतात, मग वाळवून दळतात, तेव्हा कुठे त्यांना हवं तसं पांढरं, मऊ पीठ मिळतं. पावसाळ्यात तो मका नीट वाळत नाही. बायका तसाच दमट मका डोक्यावर घेऊन दूरवरून गिरणीत येतात, आणि गिरणी अशीच तुंबते. आणलेल्या सगळ्या मशिनी तुंबल्या. मग त्या बायका तोच मका डोक्यावर घेऊन परत जातात.

"मी इतक्या कारखान्यांत गेले," ती म्हणाली. "सगळ्यांनी मला कोरडा मका दळून दाखवला. कोरडा कुणालाही दळता येतो. ओल्यावर चालेल अशी चक्की तुम्ही कराल का?"

मी भाषांतर केलं. भाईसाहब तत्काळ म्हणाले, "हो जाएगा, आप फ़िक्र न करें."

माझा पारा चढला. मी ते भाषांतर केलंच नाही. मी तिला सांगितलं, "माहीत नाही. आज तर होत नाही, ते तुम्ही बघितलंच. वेळ दिलात तर प्रयत्न करू." तिनं बोटावरचा लगदा पुसला. मग म्हणाली, "पुढच्या पावसाच्या आधी एक पाठवा. चालली, तर माझ्या सगळ्या गिरण्यांना तुमचीच घेईन." जाताना तिनं पिशवीतून तिच्या घरचं पीठ काढून दिलं, परक्या देशात पोटाला काही मानवलं नाही तर म्हणून बरोबर आणलेलं. "मला असं हवं." मी ते चिमटीत धरून चोळलं. टाल्कम पावडरीसारखं होतं. ज्वारीच्या भाकरीसाठी आम्ही ज्या पिठाला चांगलं म्हणतो, त्याच्या पुढचं.

त्यानंतरचे महिने आम्ही मका भिजवला आणि मका खाल्ला. रीत मोडायची नाही, यावर उस्ताद ठाम होते. चक्की तुंबेपर्यंत जे काही पीठ निघेल त्याच्या रोट्या व्हायच्याच. सुरुवातीला सरसोंच्या सागाबरोबर मजा आली. मग साग संपला, होळी झाली, उन्हं तापली, तरी मका चालूच. वेल्डिंग करणारा एकदा म्हणाला, "मैडम जी, सपने में भी भुट्टा दिखता है." मी त्याला म्हटलं, "मला तर कणसं बोलताना दिसतात." पण डबा आणायचं कुणी सुरू केलं नाही.

उस्तादांनी खाचा खोल केल्या. तुंबणं कमी झालं, पण पीठ जाडं पडलं. दगड जवळ आणले. पीठ बारीक झालं आणि पुन्हा लगदा. मी रोज पाहुणीचं पीठ एका हातात आणि आमचं दुसऱ्या हातात चोळून बघायची आणि नाही म्हणायची. नाही म्हणणारं कुणीतरी तिथे हवंच होतं. उस्ताद माझ्यावर चिडायचे, मी त्यांच्यावर. भाईसाहब मधे उभे राहून दोघांनाही चहा द्यायचे.

एक दिवस नवरा मला न्यायला आला. त्यानं बाहेर पडणाऱ्या पिठात हात घातला आणि म्हणाला, "गरम आहे. आत वाफ कोंडतेय, तिला वाट द्या." उस्ताद ताठ झाले. "साहब, ये हवाई जहाज़ नहीं है." नवऱ्यानं हातावरचं पीठ झटकलं. दोन-चार दिवसांनी बघते तो चक्कीच्या झाकणाला एक नळी बसवलेली, आणि तिला छोटा पंखा. मी विचारलं, हे कसं सुचलं? उस्ताद म्हणाले, "बस, सोचते-सोचते." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो झोपेपर्यंत शीळ घालत होता.

वाफ बाहेर जायला लागली, चक्कीचा वेग थोडा कमी केला, दगडाच्या मधल्या खाचा रुंद ठेवून कडेच्या बारीक केल्या. आणि एका रणरणत्या दुपारी दमट मक्याचं अख्खं पोतं थांबल्याशिवाय दळलं गेलं. मी दोन्ही हातांत पीठ घेऊन चोळलं. डोळे मिटून चोळलं. उस्ताद समोर उभे होते, छिन्नी हातात तशीच. मी म्हटलं, "हाँ." त्या एका शब्दासाठी त्या माणसानं किती वाट बघितली होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि इतके दिवस त्यांच्याशी भांडल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

चक्की बोटीनं गेली. त्या पावसाळ्यात कारखाना जुन्या चक्क्यांच्या दुरुस्तीवर कसाबसा तगला. मोजपट्टीवाला येऊन गेला. भाईसाहबांनी त्याला सांगितलं, सर्दियों के बाद देखते हैं.

आमच्याकडे पुन्हा धुकं पडायला लागलं तेव्हा तिकडे पावसाला सुरुवात झाली होती. एका सकाळी पाहुणीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन अंगणात धावले, सगळे भोवती जमले. पडद्यावर पत्र्याची शेड, बाहेर चिखल, आणि टोपल्या घेतलेल्या बायकांची लांबलचक रांग. आमची चक्की चालू होती. शेजारी चुलीवर मोठं पातेलं होतं, त्यात पाहुणी स्वतः डाव फिरवत होती. अंगावर माझी शाल.

मी विचारलं, हे काय चाललंय?

ती म्हणाली, "पहिलं पीठ. तुमच्याकडे आधी सगळे खातात ना? मग आमच्याकडेही. हे होईपर्यंत कुणाचंच दळण घेणार नाही, असं मी यांना सांगितलंय. सगळ्या मला शिव्या देत आहेत."

मी ते हिंदीत सांगितलं. उस्तादांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं नीट रचायला लागले. भाभीजींनी पदरात तोंड लपवलं. मी मात्र सगळ्यांसमोर रडले.

मोजपट्टीवाला आला तो पाहुणीनं मागवलेल्या पुढच्या चक्क्यांपैकी पहिली तयार झाली त्याच दिवशी. त्याची वेळ नेहमीच अशी अचूक. त्यानं भिंतीला मोजपट्टी लावायच्या आत भाईसाहबांनी त्याचा हात धरून त्याला चुलीजवळ आणलं आणि हातावर गरम रोटी ठेवली, वर लोण्याचा गोळा. तोही आमच्यासारखा उभ्यानं खायला लागला. खाता खाता म्हणाला, "तो भाईसाहब, इस बार फ़ाइनल कर लें?"

मी भाईसाहबांकडे बघितलं. देखते हैं ऐकायची मी मनाची तयारीच केली होती. त्यांनी आधी चक्कीकडे पाहिलं, मग उस्तादांकडे. घसा साफ केला.

"नहीं," ते म्हणाले. "जगह नहीं देंगे."

अंगणात सगळे थांबले. इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता, बहुतेक त्यांनीही नाही. ते स्वतःच जरा दचकलेले दिसले. उस्तादांनी मान हलवली, रोटी फुगल्यावर हलवतात तशी. मोजपट्टीवाला हातातल्या अर्ध्या रोटीकडे बघत उभा राहिला.

भाईसाहबांना त्याची दया आली असावी. त्यांनी तव्यावरची दुसरी रोटी उचलली आणि त्याच्या हातावर ठेवत म्हणाले, "एक और लीजिए. ठंडी हो जाएगी."